आग्रा रोडवरचे बंदूकवाले

गेल्या वर्षी आठवीच्या वर्गात १८५७ चा धडा शिकवत होते. मेरठ, दिल्ली, झाशी, बहादूरशहा जफर, बेगम हजरत महल ही नावे मुलांनी भराभर सांगितली. मग मी विचारले, "और अपने खानदेश में कौन लड़ा था?" वर्ग गप्प झाला. थोड्या वेळाने मागच्या बाकावरून आवाज आला, "मिस, गब्बर!" सगळा वर्ग हसला. मीही हसले. पण तास संपवून स्टाफरूममध्ये बसले तेव्हा वाटू लागले की उत्तर चुकले असले तरी अगदीच चुकलेले नाही. त्या पोराला रस्ता बरोबर सापडला होता, माणूस तेवढा चुकला.

तो रस्ता म्हणजे आपला आग्रा रोड. मुंबईहून नाशिक, मालेगाव, धुळे, शिरपूर, मग सातपुडा चढून सेंधवा, इंदूर आणि पुढे ग्वाल्हेर, आग्रा. धुळ्यात तर बाजारपेठेलाच आग्रा रोड म्हणतात. आमच्या घरच्या ईदच्या सगळ्या खरेद्या तिथल्याच. याच रस्त्यावर बंदूकवाल्यांची एक जुनी गोष्ट सांडलेली आहे. ती वेचण्याचा हा प्रयत्न.

अमेरिकेत 'वेस्टर्न' नावाचा एक चित्रपटप्रकार आहे. ओसाड मुलूख, एकच रस्ता, कायदा दूर आणि बंदूक जवळ, अशी त्याची मांडणी असते. १९५० साली 'द गनफायटर' नावाचा चित्रपट आला. त्यात ग्रेगरी पेकने एका थकलेल्या बंदूकवाल्याचे काम केले आहे. दुरावलेली बायको आणि बापाला ओळखतही नसलेला मुलगा यांना एकदा डोळे भरून पाहावे म्हणून तो एका गावी येतो, आणि नाव कमावायला निघालेल्या एका उनाड पोराच्या गोळीने मरतो. पुढे म्हातारा बंदूकवाला आणि दुरावलेला मुलगा ही जोडी पडद्यावर पुन्हा पुन्हा आली. कधी मोठ्या खर्चाने, पण बऱ्याचदा चार घोडे, दोन बंदुका आणि एक उजाड गाव एवढ्याच भांडवलावर. थोड्या पैशांत करता येईल अशी ती गोष्ट आहे. तिला लागतात फक्त दोन माणसे आणि त्यांच्यामधले न बोलणे.

हा प्रकार आपण परदेशातून उचलला असे म्हणतात. साचा उचलला हे खरे. पण गोष्ट आपल्या दारातलीच होती.

घाटाचा राखणदार

१८१८ साली पेशवाई संपली आणि खानदेश इंग्रजांकडे आला. कागदावर आला तरी हाती आला नव्हता. मालेगावच्या किल्ल्यात अरब शिपाई होते. त्यांनी त्या वर्षीच्या मे-जूनमध्ये जवळजवळ महिनाभर किल्ला लढवला. पगारावर लढणाऱ्या या माणसांचे धनी संपले होते, बंदूक तेवढी हातात उरली होती. डोंगरात भिल्ल नाईक होते. घाट राखायचा आणि त्याबद्दल वाटसरूंकडून हक्क घ्यायचा, ही त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. इंग्रजांनी या रीतीला लूट म्हटले.

काही वर्षे फौजा पाठवून पाहिल्या, जमले नाही. मग १८२५ मध्ये धोरण बदलले. जेम्स आउट्रम या तरुण अधिकाऱ्याने भिल्लांचीच एक पलटण उभी केली. तिचे ठाणे होते धरणगावला, आजच्या जळगाव जिल्ह्यात. मी धुळ्याहून जळगावला नोकरीसाठी येऊन बारा वर्षे झाली. एरंडोलच्या फाट्यावर धरणगावची पाटी कितीदा पाहिली असेल, पण तिथे एवढा मोठा डाव मांडला गेला होता हे मला बी.एड. होईपर्यंत कोणी सांगितले नाही. डाव साधा होता. ज्याची भीती वाटते त्याच्याच हाती सरकारी बंदूक द्यायची आणि त्याच्याकडून त्याच्या भाऊबंदांना धरून आणायचे.

'शोले' पाहिलेल्या वाचकांना हा डाव ओळखीचा वाटेल. ठाकूर दोन चोरांना पैसे देऊन डाकूच्या मागावर लावतो. सरकारी हिशेब आणि ठाकूरचा हिशेब एकच. फरक एवढाच की चित्रपटात चोर हिरो होतात. खानदेशात मात्र बंदूक देणारा बंदूक परत मागू लागला.

कजारसिंग ऊर्फ खाज्या नाईक हा सेंधव्याच्या घाटाचा राखणदार. त्याचे वडील गुमानसिंग हेही घाटाचेच राखणदार. त्यांच्यामागून काम मुलाकडे आले. त्याने उमेदीची वर्षे त्या घाटात काढली. पुढे त्याच्या ताब्यातला एक कैदी मेला आणि त्या प्रकरणात खाज्याला शिक्षा झाली. काही वर्षे तुरुंगात गेली. सुटल्यावर सरकारला पुन्हा त्याची गरज पडली आणि त्याला कामावर घेतले. तुरुंगातून आलेला, वय उताराला लागलेला, ज्यांनी बेड्या घातल्या त्यांचाच पगार घेणारा हा माणूस १८५७ साली मनात काय धरून घाटात उभा होता, याचा विचार वाचकांनी करावा.

दिल्लीची बातमी आली आणि त्याने सरकारी नोकरीवर पाणी सोडले. त्या नोव्हेंबरमध्ये त्याच्या माणसांनी आग्रा रोडवरून जाणारा सात लाखांचा सरकारी खजिना लुटला. जो रस्ता राखायचा तोच रस्ता त्याने अडवला. त्याच्या जमावात भिल्ल होते, तसेच अरब आणि मकराणीही होते. ११ एप्रिल १८५८ रोजी सातपुड्यात अंबापाणी येथे इंग्रजी फौजेशी मोठी लढाई झाली. अनेक जण लढता लढता पडले, अनेकांना पकडून गोळ्या घातल्या, स्त्रियांनाही कैद करून नेले. त्या लढाईत खाज्याचा मुलगा पोलादसिंग मारला गेला. बाप जिवंत राहिला.

आजोबांनी घाट राखला, बापाने घाट राखला आणि नातवाला त्या घाटापायी मरण आले. या बापलेकांत दुरावा होता असे म्हणायला आधार नाही. पण बापाच्या भांडणाची किंमत मुलाने चुकवली, हे मात्र नक्की. १८६० मध्ये खाज्या नाईकही मारला गेला, इंग्रजांशी समोरासमोर लढताना नव्हे, तर आपल्यातच वावरणाऱ्या एका मकराणी जमादाराच्या हातून.

इथे मला थांबावेसे वाटते. आपल्या मंडळींमध्ये १८५७ ची चर्चा निघाली की आपण मौलवी अहमदुल्लाशाह, अझीमुल्ला खान यांची नावे अभिमानाने घेतो. घ्यावीतच. पण खानदेशच्या या पानावर कलमा वाचणारी माणसे दोन्ही बाजूंना आहेत. खाज्याच्या खांद्याला खांदा लावून लढणारे मकराणी आपले म्हणायचे असतील, तर त्याला मारणाराही आपल्याच हिशेबात धरावा लागेल. मुलांना इतिहास शिकवताना हा मकराणी जमादार गाळून टाकणे सोपे आहे. मी तो गाळत नाही.

दोन लेखक, दोन बाप

याच रस्त्याने वर गेले की इंदूर लागते आणि बरेच पुढे ग्वाल्हेर. सलीम खान यांचा जन्म इंदूरचा, १९३५ चा. जावेद अख्तर यांचा ग्वाल्हेरचा, १९४५ चा. म्हणजे 'शोले' लिहिणारी दोन्ही माणसे आग्रा रोडवरची. सलीम खान यांचे वडील पोलीस खात्यात मोठ्या हुद्द्यावर होते. ते गेले तेव्हा सलीम शाळकरी वयाचे होते. १९५० च्या दशकात ग्वाल्हेरच्या बाजूला गब्बर नावाचा एक खरा डाकू होता आणि पडद्यावरच्या गब्बरचे नाव तिथूनच आले. वर्गातल्या त्या पोराने गब्बरला रस्त्यावर शोधले, त्यात काही गैर नव्हते ते यासाठी.

जावेद अख्तर यांची गोष्ट वेगळी. वडील जाँनिसार अख्तर उर्दूतले नामवंत शायर. ते मुंबईला निघून गेले, आई सफिया १९५३ मध्ये वारली आणि मुले नातेवाइकांकडे वाढली. बापलेकांत पुढे बराच दुरावा राहिला आणि जावेद यांनी तो कधी लपवला नाही. शायरी घरात पिढ्यांची असूनही वडिलांच्या हयातीत ते तिच्या वाटेला गेले नाहीत. १९७६ मध्ये जाँनिसार अख्तर गेले. मुलगा शेर लिहू लागला तो त्यानंतर, आणि 'तरकश' हा संग्रह आला १९९५ साली.

हे ध्यानात ठेवून १९८२ चा 'शक्ती' पाहावा. दिलीपकुमार पोलीस अधिकारी, अमिताभ मुलगा. लहानग्या मुलाला गुंडांनी पळवले आहे आणि बाप फोनवर कर्तव्याची भाषा बोलतो. मुलगा ते ऐकतो आणि आयुष्यभर विसरत नाही. शेवटी बापाच्याच गोळीने मुलगा मरतो. घोडे नाहीत, डोंगर नाहीत, सगळे मुंबईत घडते, तरी आपल्याकडचा खरा वेस्टर्न मला तोच वाटतो. म्हातारा बंदूकवाला, दुरावलेला मुलगा आणि मधे उभी असलेली आई. ते काम राखीने केले आहे. ती दोघांकडे आळीपाळीने पाहत राहते. आपल्या किती घरांत आई-बहिणींच्या वाट्याला एवढेच काम येते!

'शोले'तही बाप आणि मुलगा आहेत, पण ते आपण नीट पाहत नाही. १५ ऑगस्ट १९७५ ला प्रदर्शित झालेल्या या चित्रपटात आंधळे इमामसाहेब आणि त्यांचा मुलगा अहमद आहे. हे काम आपल्या मराठीतल्या सचिनने केले आहे. अहमदला जबलपूरच्या बिडी कारखान्यात नोकरी मिळते. बापाला सोडून जायला त्याचा पाय निघत नाही आणि बाप त्याला पाठवतो. वाटेत तो मारला जातो. गावातला हा मुसलमान मुलगा कामासाठी दुसऱ्या गावी निघालेला असताना मरतो, आणि बाप मात्र गावाला हार मानू देत नाही. लहानपणी गब्बर आला की आम्ही पोरे ओरडायचो. हा प्रसंग आला की अब्बा उठून पाणी प्यायला जायचे. का, ते फार उशिरा कळले.

ठाकूरचे काम करणारे संजीवकुमार तेव्हा अवघ्या ३७ वर्षांचे होते. केस पांढरे करून ते म्हातारे झाले. खऱ्या म्हातारपणापर्यंत ते पोचलेच नाहीत. ४७ व्या वर्षी, १९८५ मध्ये, त्यांचे निधन झाले.

पन्नास हजारांचे रामगढ

'शोले'ला त्या काळी सुमारे तीन कोटी रुपये लागले. पंचवीस वर्षांनी, २००० साली, धुळ्याहून तासाभराच्या वाटेवर असलेल्या मालेगावात 'मालेगाव के शोले' तयार झाला. खर्च पन्नास हजारांच्या आसपास. मालेगाव आज नाशिक जिल्ह्यात असले तरी १८६९ मध्ये तो जिल्हा होईपर्यंत ते खानदेशातच होते. बोलीने आणि सोयरिकीने अजूनही आहे.

हा चित्रपट करणारे शेख नासिर व्हिडिओ पार्लर चालवत. चित्रपट दाखवता दाखवता ते चित्रपट कसा होतो हे शिकले. लग्नाच्या शूटिंगला वापरतात तसला व्हिडिओ कॅमेरा, संकलनाला एकमेकांना जोडलेले व्हीसीआर, कॅमेरा पुढे सरकवायला सायकल, उंच न्यायला बैलगाडी. नट म्हणजे लूमवर काम करणारी, दुकानात बसणारी माणसे. घोडे परवडत नव्हते म्हणून डाकू सायकलींवर आले. प्रेक्षकही तेच. शुक्रवारी लूम बंद, नमाज झाली की पोरांची पावले पार्लरकडे. स्थानिक मुली कामाला मिळत नसत. नायिका बाहेरगावाहून आणावी लागे. बाईच्या वाट्याला आमच्याकडे पडदाही येत नाही आणि पडद्यावरची जागाही, असे तेव्हा माझी एक मैत्रीण म्हणाली होती.

या चित्रपटाला नक्कल म्हणून हसणारे पुष्कळ आहेत. हसवण्यासाठीच तो केला होता. पण आठवून पाहा, ही वस्ती तिथे आली कशी? १८५७ नंतरच्या धामधुमीत आणि पुढच्या दुष्काळांत आजमगढ, मऊ, बनारसकडचे मोमीन विणकर दक्षिणेकडे निघाले. बरेच जण याच आग्रा रोडने आले आणि बुऱ्हाणपूर, धुळे, मालेगाव, भिवंडी अशा गावांत वसले. ज्या रस्त्यावर खाज्याची बंदूक वाजली, त्याच रस्त्यावरून पाठीवर मागाचे सामान घेऊन आपले पणजोबा चालत आले. त्यांच्या पणतवंडांनी त्याच रस्त्याच्या कडेला डाकू, घाट आणि बंदूकवाला यांची गोष्ट लाकडी बंदुका घेऊन पुन्हा मांडली. त्यांनी ती मुंबईकडून घेतली असे त्यांनाही वाटले असेल. माझ्या मते ती घरी परत आली.

पुढे फैझा अहमद खान यांनी 'सुपरमेन ऑफ मालेगाव' (२००८) हा माहितीपट केला. २००६ आणि २००८ च्या स्फोटांनंतर मालेगावचे नाव वर्तमानपत्रांत एकाच कारणाने येत होते. या माहितीपटाने दुसरे कारण दिले. त्यातला सुपरमॅन झालेला किडकिडीत लूम-कामगार शेख शफीक २०११ मध्ये कर्करोगाने गेला. २०२५ च्या फेब्रुवारीत रीमा कागती यांचा 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' चित्रपटगृहांत लागला. हातांनी केलेली गोष्ट शेवटी मोठ्या पडद्यावर पोचली. खाज्या नाईकाच्या वाट्याला मात्र पाठ्यपुस्तकातली एक-दोन वाक्येच राहिली.

याचे कारण मी बरेच दिवस शोधत होते. आता वाटते ते असे, की 'शोले' आमच्या माणसांनी स्वतः हाताने केला म्हणून तो आमचा झाला. इतिहास मात्र दुसऱ्याने लिहून द्यावा आणि आम्ही पाठ करावा, अशी आमची सवय. खानदेशचा जुना इतिहास चाळायचा तर आजही आपण इंग्रजांच्या १८८० च्या गॅझेटियरकडे धावतो, किंवा धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळाच्या दारात जातो. ती दारे उघडी आहेत, पण उर्दू शाळांतून तिकडे जाणारे किती?

घरची गोष्ट

शेवटी थोडे घरचे. अब्बांनी धुळ्यात तीस वर्षे दुसऱ्याच्या लूमवर बारा-बारा तास काढले. मग कर्ज काढून चार जुने लूम घेतले. ते भाईजानने सांभाळावेत एवढीच त्यांची इच्छा. भाईजानला तो खडखडाट नको होता. एका रात्री दोघांत शब्दाला शब्द वाढला आणि सकाळी तो सुरतेच्या बसमध्ये बसला. त्यानंतर सात वर्षे दोघे एकमेकांशी बोलले नाहीत. ईदला तो यायचा, अम्मीच्या हातचा शीरखुर्मा खायचा, अब्बांना सलाम करायचा. अब्बा जवाब द्यायचे. त्यापुढे काही नाही. मी मधे बसून दोघांकडे पाहायची. अहमद बापाला सोडून निघतो तो प्रसंग लागला की अब्बा पाणी प्यायला का उठायचे, ते मला तेव्हा कळले. त्यांनाही त्यांच्या वडिलांनी असेच एकदा कामासाठी भिवंडीला पाठवले होते, आणि ते वडिलांच्या जनाज्याला पोचू शकले नव्हते.

त्या वर्गातल्या प्रसंगानंतर मी अब्बांना विचारले, "आपण इथे आलो कसे?" त्यांनी बराच वेळ सांगितले. परदादा आजमगढकडून पायी निघाले. घाटात राखणदारांनी वाट अडवली, तेव्हा परदादांनी अंगावरचे नवे कापड काढून दिले आणि त्या माणसांनी त्यांना खालच्या मुलखापर्यंत सुखरूप सोडले. मी ते मोबाइलमध्ये रेकॉर्ड करून भाईजानला पाठवले. काहीच लिहिले नाही, नुसते पाठवले.

रात्री अकराला फोन वाजला. अब्बांच्या फोनवर. भाईजान म्हणत होता, "अब्बा, कापड घाटात नव्हते दिले. तापीच्या काठी, सावळद्याला, नाववाल्याला दिले होते. दादाजान मला असेच सांगायचे." अब्बा चिडले. म्हणाले, "तेरे दादा ने मुझे पहले बताया था, तू बाद में पैदा हुआ।" वाद अर्धा तास चालला. सात वर्षांत पहिल्यांदाच.

कापड घाटात दिले की नदीवर, याचा निकाल अजून लागलेला नाही. मी दोन्ही हकीकती वहीत लिहून ठेवल्या आहेत. यंदा आठवीच्या मुलांना दिवाळीच्या सुटीत एकच गृहपाठ दिला आहे. घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला विचारायचे, की आपण कोणत्या रस्त्याने आलो आणि वाटेत कोण भेटले. बत्तीसपैकी एकोणीस मुलांनी लिहून आणले. एकाने लिहिले आहे की त्याची आजी भिल्लांच्या गाण्यांतले खाज्या नाईकाचे नाव ऐकत मोठी झाली.

तो मागच्या बाकावरचाच मुलगा आहे.